विंच घरी ठेवा

डोंगरातल्या तांबुनान गावी टायरवाल्याच्या रांगेत माझ्यापुढे चिखलातून जीप हाकणाऱ्यांच्या क्लबचे दोघे होते, म्हातारे अध्यक्ष जुमिनकाका आणि तरुण लासियस. त्यांचं बोलणं ऐकताना पुढे सरकायची मला मुळीच घाई नव्हती.

“काका, क्लब बंद करा. मागच्या सफरीला तिघंच आलो.”

“मी मेल्यावर कर.”

“अहो, प्रत्येक गाडीला आता विंच आहे. रुतलं की बटण दाबायचं, दोर गुंडाळत गाडी आपोआप बाहेर. क्लब हवाय कुणाला?”

“मग रविवारी सगळ्यांनी विंच खोलून घरी ठेवायची.”

“आणि डोंगरात रुतलो तर?”

“रुतायलाच जायचं! गेल्या पावसात माझी जीप एवढी बुडाली, की टपावर बेडकी अंडी घालून गेली.”

“थापा!”

“सगळ्यात खोल रुतेल तो अध्यक्ष, हा आपला नियम. उगाच नाही मी इतकी वर्षं खुर्चीवर.”

“पण बाहेर ओढणार कोण?”

“सदस्य कशाला असतात रे?”

“...बरं. पण यंदा अध्यक्ष मीच होणार, बघाच तुम्ही.”