सुई सरळ बसली तवा

माहं माहेर लाखांदूरकडचं, धानाच्या बांध्यांतलं गाव, अन् लगन होऊन मी साकोलीले आली. नाव माहं देवका. माहेरी गानं म्हनजे रोवन्याच्या वक्ती चिखलात उभ्या राहून बाया म्हनतेत ते. मशीनमधलं गानं एवढ्या जवळून पहिल्यांदा ऐकलं ते माह्याच लगनात, कारन नवरदेवाचाच लाऊडस्पीकरचा धंदा, अन् तो बाशिंग बांधलेला मानूस मधात उठून रेकॉर्ड पलटवून आला, सारे पाहुने हासले. काय सांगू तुमाले भाऊ, तवाच समजाले पायजे होतं मले का ह्या मानसाचं पहिलं लगन मशीनसंगच झालं आहे.

धंदा चांगला होता तवा. लगनसराई, मंग दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हनजे आमच्याकडच्या जत्राच; भोंगे, बॅटरी, प्लेयर सारं बैलबंडीत टाकून हे जात. असंच एका मंडईत कडुनिंबावर भोंगा बांधता बांधता फांदी मोडली अन् हे खाली पडले. जीव वाचला, पन उजव्या हाताची बोटं गेली. तुटली नाई, आखडली. जेवाले बसले का घास सांडे. मानूस चिडचिडा झाला, लोकाईले वाटे बाईवर चिडते, मले मालूम होतं का तो आपल्या बोटाईवर चिडते.

मंग मशीन कोन पाह्यनार? मीच. उचलाले गडी भेटते, पन सुईचं काम गड्याच्या हाताचं नाई. प्लेयरच्या दांडीच्या तोंडाशी एक डब्बी राह्यते, काडेपेटीहून लहान, तिले कार्ट्रिज म्हनतेत, तिच्यात सुई. तिचे इस्क्रू म्हनजे मोहरीचे दाने, घामाच्या हातातून सटकले का शोधत बसा. वायरी केसासारख्या, उलटसुलट लागल्या का नुसता घुर्र आवाज. हे बाजेवर बसून सांगत अन् मी पायातले काटे काढाच्या चिमट्यानं वायरी लावत होती. हे म्हनत, अवो, तसं नाई वो, थोडी मांगं. आता लय मांगं गेली. आमचे भांडनं होत, रडत होती मी, चुलीवर भात करपून जाये.

पन शिकली. रेकॉर्ड फिरते त्या थाळीवर आरसा ठेवाचा अन् सुई अलगद त्याच्यावर उतरवाची. सुई अन् आरशातली सुई एका रेघेत दिसली तं सरळ उभी आहे, मोडल्यावानी दिसली तं डब्बी कलली आहे. मंग पुठ्ठ्यावर रेघा मारून ठेवल्या होत्या त्याईनं, बाहेरच्या कडेले अन् आतल्या कडेले, दोन्हीकडं डब्बीचं तोंड रेघेसंग जुळलं पायजे. नाई जुळलं तं गान्याची सुरवात साजरी वाजते अन् शेवटी शेवटी, रेकॉर्डच्या पोटाशी, आवाज फाटते. लगनात पोट्टे नाचले का सुई उडे म्हनून सारेच धंदेवाले दांडीवर पैशाचं नानं चिकटवत, आमीबी चिकटवत होतो. त्याच्यानं सुई उडत नाई, पन रेकॉर्ड नांगरल्यावानी खरडून निंघते. लगनातल्या रेकॉर्डीची कोन काळजी करते?

त्याच दिवसात एक म्हातारा आला, दामाजी नावाचा, माह्या माहेराकडचाच, धानाचा शेतकरी. धोतराच्या फडक्यात गुंडाळून एक लहान रेकॉर्ड आनली. म्हने, ही माही बायको आहे. मी म्हटलं, काय म्हनता बाबाजी? तं म्हने, हिचं गानं आहे याच्यात. सुभद्रा नाव. मंडईत गायची, तिथं एका कंपनीच्या मानसानं ऐकलं अन् मुंबईले बोलावून रेकॉर्ड काढली. रेकॉर्ड घरी आली अन् थोड्याच दिवसात ती गेली. आता पोरीचं लगन होतं, मांडवात मायचा आवाज वाजला पायजे असं पोरीच्या मनात. पन म्हने कुठंबी लावा, शेवटचं कडवं फाटते. कंपनीनंच खराब काढली. मोठ्या लोकाईच्या साजऱ्या काढतेत, आमच्या कायले काढन?

यजमान म्हनाले, रेकॉर्ड नसन खराब, सुई वाकडी असन साऱ्याईची. बसव वो, नवी बसव. नागपूरहून आनलेली कोरी कार्ट्रिज राखून ठेवली होती, ती काढाले लावली. मी रेकॉर्ड साबनाच्या पान्यानं धुतली, मलमलीनं टिपली, सावलीत वाळू देल्ली. नानं काढून टाकलं. दांडीच्या मांगचं वजन सरकवून सरकवून सुई हलकी केली, आरसा पाह्यला, पुठ्ठा पाह्यला, परत इस्क्रू ढिले केले, परत कसले. दुपार सारी त्याच्यातच गेली. म्हातारा उंबऱ्याजवळ बसून होता, चाय ठेवला तसाच गार झाला.

अन् लावली. काय आवाज होता भाऊ. बारीक, पन पान्यासारखा निर्मळ. दामाजी मान हालवून राह्यला, हो, हीच, हीच. मंग शेवटचं कडवं आलं. फाटलं नाई. मी मनात खुश झाली. पन एका ओळीत ती थांबली जराशी, श्वास घेतला, तो श्वास ऐकू आला, छातीत काही अडकल्यावानी. मंग पुढची ओळ, परत तसाच श्वास. वरचा सूर तिनं कसा काढला तिलेच मालूम. आजवर फाटलेल्या आवाजाखाली हे सारं झाकून होतं.

सुई आपोआप उचलली गेली. दामाजी म्हने, तिले ताप होता मुंबईले. ती म्हने, वापस जाऊ. मीच म्हटलं, एवढ्या दूर आलो, गाऊन घे, मंग जाऊ. मी बाहेर बाकावर बसून होतो, मले वाटलं चांगलंच गाऊन राह्यली असन.

यजमानाईनं आखडलेला हात त्याच्या पाठीवर ठेवला. म्हातारा उठला, डोळे पुसले, अन् मले म्हने, बाई, एक ऐकसान? लगनात वाकडीच बसवा. जशी सारे वाजवतेत तशी. पोरीनं हे आयकाले नोको.

काय सांगू, ते वाकडी बसवनं सरळ बसवन्याहून कठीन गेलं मले. कोऱ्या सुईचे इस्क्रू ढिले केले, डब्बी कलती केली, वर नानं चिकटवलं. रेकॉर्ड खरडून राह्यली हे मालूम असून मांडवात मीच सुई ठेवली. नवरीनं हळदीच्या हातानं तोंड झाकून ऐकलं. शेवटी आवाज फाटला तसे वऱ्हाडी बोंबलले, काय बाई ठेवली रे मशीनवर, बाईचं काम आहे का हे? यजमान म्हनाले, ऐकून घे वो. घेतलं ऐकून.

मंग कॅसेट आल्या, सुईचा जमाना गेला. हेबी गेले. म्हाताराबी गेला असं ऐकलं. आता मी एकटी, गुडघे चालत नाई, बाजारात जावं तं टेकत टेकत जाते. त्याची ती पोरगी इकडंच देल्ली आहे, आता ती सासू झाली. मांगच्या बाजारात भेटली. ओळखलं तिनं मले. म्हने, मावशी, तुमचं मशीन लय खराब होतं वो, माह्या मायचं एवढं साजरं गानं, शेवट सारा नास केला.

मी म्हटलं, हो माय, खराबच होतं.

तिनं भाजीतले दोन वांगे काढून माह्या पिशवीत टाकले अन् गेली. चांगली आहे पोरगी. सुखी राहो.