धाकटीचा कोट

नाही नाही मास्तर, नुसत्या बाह्या नाही. बाह्या तिनं सांगितल्यात, त्या घ्याच वर — पण कमरेतही घ्या आत. चांगला आवळा. — घट्ट होईल? होऊ दे की! घालणार माझी धाकटी जाऊ, तुम्ही कशाला जिवाला लावून घेता? उद्या बढतीसाठी मोठ्या साहेबांपुढे बोलायचंय म्हणे तिला. बटणं लागली नाहीत तर जाईल जुन्यापान्या ड्रेसवर, आपण सगळ्या जातो तशी.

माझ्या पोटात दुखतंय होय? छे! माझं म्हणणं एवढंच, की कपड्यानं माणूस बिघडतं. आता तुम्ही म्हणाल, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत अंग झाकलेलं, त्यात वाईट काय? — अहो, तेच तर! उघडंबिघडं काही असतं तर चार शब्द सुनावता तरी आले असते. हा मेला कोट आल्यापासून बाई सासऱ्यांसमोर पायावर पाय टाकून बसते. जेवली की ताट सिंकमध्ये, आणि चालली — "ताई, उशीर होतोय हं!" आधी अशी नव्हती हो. मीठ किती घालू तेसुद्धा मला विचारायची. आणि घरात कुणी ब्र काढत नाही. सासरे तर टीव्हीचा रिमोट तिच्या हातात देतात!

म्हणून म्हटलं, बघू तरी काय आहे एवढं त्यात. काल घरात कुणी नव्हतं, तेव्हा घातला. — नुसता बघायला! तेवढ्यात नळवाला आला. एरवी मला "साहेब कधी येतात?" विचारणारा मेला, कालच्याला म्हणतो, "मॅडम, आत येऊ?" मी म्हटलं, "आज गळती थांबली नाही तर पैसे मिळणार नाहीत." थांबवली त्यानं! माझा आवाजच निराळा निघाला, मास्तर.

तो गेल्यावर खिडकीशी उभी राहिले, खिशात हात घालून. मागनं हे आले. आणि दारातूनच, इतक्या मऊ आवाजात — "लवकर आलीस आज? दमली असशील. चहा टाकू का?"

मी वळले. तर म्हणतात, "अगं, तू होय? मग माझा टाक."

मला कधी विचारलं नाही हो. मी तापानं फणफणत होते तेव्हासुद्धा नाही. तिला रोज विचारत असतील? मी भाजीला गेले की? — नाही, तसलं काही नाही, दोघंही तशी नाहीत. पण जळतो ना जीव! जळतो.

म्हणून सांगते, आवळा. — माप? अंदाजानं घ्या. — हे काय, असं वरपासून खालपर्यंत काय बघताय? — एवढा आत घेतला तर कुणाला बसेल?

मला?

काहीतरीच तुमचं! मी काय त्यासाठी आणलाय? मला कुठं जायचंय कोट घालून? — हसू नका. हसू नका म्हणते ना!

...खरंच बसेल?

पडदा ओढा तो. हं, घ्या माप. — आणि आता एक अक्षर बोलू नका.