त्या रात्रीचं जेवण

राजीव : नको, नको, सायकलच्या सीटला हात लावू नका.

पद्मजा : अहो भाऊ, हात कुठे लावतेय, नुसती बघतेय. पाय तरी टेकतात का तुमचे जमिनीला? काल उतरताना बघितलं मी खिडकीतून. नवरदेव घोड्यावरून उतरतो ना, तसं चाललं होतं. धरायला मामा नाही एवढंच.

राजीव : थोडी उंच आहे.

पद्मजा : थोडी? पाना आहे आमच्याकडे, दोन मिनिटांचं काम. सायकलवाले सारखे येतात इथे, कुणाचं ना कुणाचं काहीतरी ढिलं झालेलंच असतं. करून देऊ खाली? गुडघे जातील हो तुमचे.

राजीव : गेलेतच. राहू दे, ताई. ती माझ्या मापाची नाहीये. मुलाच्या मापाची आहे. सायकल त्याची.

पद्मजा : बरं. मग चहा घ्या. तो कागदी कप ठेवा बाजूला, लॉबीतली ती कॉफी पाहुण्यांसाठी असते. हा घरचा आहे, आल्याचा.

राजीव : म्हणजे तुम्हीच. काल काउंटरवर तुमचे मिस्टर म्हणाले, वाइफ मराठी आहे, सकाळी भेटेल. रात्रभर झोप नाही लागली मला.

पद्मजा : एसीचा आवाज येतो त्या खोलीत.

राजीव : नाही, एसीमुळे नाही.

पद्मजा : मी पद्मजा पटेल. माहेर भुसावळचं. ह्यांच्या वडलांचं वह्यापुस्तकांचं दुकान होतं, तिथे वह्या घ्यायला जायची. एवढ्या वह्या घेतल्या की शेवटी दुकानदाराच्या घरातच जावं लागलं. आणि तिथून थेट मिसिसिपीत, ह्या मोटेलात लोकांच्या चादरी बदलायला. तुम्ही?

राजीव : राजीव खांबेटे. मूळचा पुण्याचा. आता नेपरव्हिल, शिकागोजवळ. इंजिनियर होतो, रिटायर झालो.

पद्मजा : आणि साठी उलटल्यावर हे सुचलं! घरचे काही म्हणत नाहीत?

राजीव : साठी बुद्धी नाठी म्हणतात आमचे मित्र. तोंडावर नाही म्हणत. हिवाळाभर बेसमेंटमध्ये सायकल स्टँडला लावून प्रॅक्टिस केली. बाहेर बर्फ, आणि मी खाली घामाघूम. नॅशव्हिलला कारने आलो, तिथून हा नॅचेझ ट्रेस धरला, पार नॅचेझ गावापर्यंत जाणारा शांत रस्ता.

पद्मजा : कुत्री लागली का मागे?

राजीव : रोज. आणि पिकअपवाले थांबतात. मी त्यांना इतका केविलवाणा दिसतो की काय, कळेना. मग एका म्हाताऱ्याने सांगितलं, इकडे मोठा माणूस सायकलवर दिसला की लोकांना वाटतं, दारू पिऊन गाडी चालवली असेल, लायसन्स गेलं असेल.

पद्मजा : खरं आहे ते! ह्यांनासुद्धा सुरुवातीला तसंच वाटायचं.

राजीव : पण माणसं चांगली आहेत. एका गावात चर्चमधल्या बायकांनी बसवून ठेवलं. गोड चहा पाजला, बर्फ घालून. प्रार्थना करू का म्हणाल्या तुमच्यासाठी. मी म्हटलं करा.

पद्मजा : कशासाठी, ते विचारलं नाही?

राजीव : विचारलं. मला सांगता आलं नाही. … ताई, मी तुम्हाला एक विचारणार आहे. ह्या एक्झिटला जेवढी मोटेल्स आहेत तेवढ्या सगळ्यांत काल विचारून आलो. तुमच्याकडे शेवटी आलो आणि काउंटरवर गणपती दिसला. दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, एक मुलगा आला होता का इथे? ह्याच सायकलवर?

पद्मजा : मिहीर. बसा. बसा आधी. काल रात्रीच हे मला म्हणाले, पिवळी सायकल परत आलीय. रजिस्टरवर नाव पाहिलं, तेच आडनाव. मग मलाही कुठली झोप.

राजीव : पोलिसांनी सायकल परत केली तेव्हा पुढचं चाक पार मुडपलेलं होतं. मी स्वतः बसून दुरुस्त केली. कुठे झालं ते त्यांनी सांगितलं. आदली रात्र त्याने कुठे काढली ते कोणी सांगितलं नाही. त्यांना त्याची गरज नव्हती. आम्हाला होती.

पद्मजा : फार वाईट झालं हो.

राजीव : ट्रेसवर ट्रक येऊच देत नाहीत, माहितेय तुम्हाला. सगळा रस्ता सेफ. म्हणून तर मी त्याला जा म्हणालो होतो. तुमच्या दारापासून ट्रेसपर्यंतचा हा हायवेचा तुकडा तेवढा… लाकडाचा ट्रक. असो. ते नाही विचारायचं मला. त्या संध्याकाळी त्याने आईला फोन केला होता. ‘आई, तू काळजी करू नको, मी इथे एका मराठी काकूंकडे जेवलो, मस्त जेवण होतं’ एवढं बोलला आणि लाइन गेली. परत लागलाच नाही. इकडे सिग्नलची बोंब.

पद्मजा : अजून आहे.

राजीव : तर रेखाला, माझ्या मिसेसला, एवढंच हवंय. तो काय जेवला. दोन वर्षं तेच एक. इन्शुरन्स, कोर्ट, कशात लक्ष नाही तिचं. रात्री पान वाढून घेते, समोर बसते आणि उठून जाते. म्हणते, त्याच्या शेवटच्या पानात काय होतं तेच मला माहीत नाही, मी कशी जेवू? मी निघालो तेव्हा सांगितलं तिने, त्या बाईंचं घर शोधून या, मग तुमचं ते नॅचेझ का काय ते.

पद्मजा : माझ्याकडेच जेवला तो.

राजीव : तुम्हाला आठवतंय?

पद्मजा : न आठवायला काय झालं? दमून आला होता बिचारा. म्हटलं, हातपाय धू, पान वाढते. शेवभाजी केली होती, आमच्या भुसावळकडे करतात तशी, झणझणीत. आणि दशम्या. दुधात भिजवलेल्या, प्रवासात टिकतात म्हणून नेहमी करून ठेवते.

राजीव : हळू, हळू सांगा. तिला जसंच्या तसं सांगायचंय. शेवभाजी. दशम्या. किती खाल्ल्या?

पद्मजा : तीन खाल्ल्या. पोरगं लाजत नव्हतं. आणि शेंगदाण्याची चटणी तर दोनदा मागून घेतली. म्हणाला, काकू, अशी आईच्या हातची असते.

राजीव : चहा छान झालाय.

पद्मजा : काय झालं, भाऊ?

राजीव : मिहीरला शेंगदाणे चालत नसत. अॅलर्जी होती, पाच वर्षांचा होता तेव्हापासून. इंजेक्शन बरोबर असायचं त्याच्या कायम. आमच्या घरात दाणा येत नाही. अजूनही नाही येत. दुसरा कोणी असेल. तुमच्याकडे इतके येतात. होतं असं.

पद्मजा : नाही हो. दुसरा कोणी नाही. मी नव्हतेच इथे.

राजीव : म्हणजे?

पद्मजा : लेकीचं बाळंतपण होतं, तिकडे व्हर्जिनियात, अॅशबर्नला. मी महिनाभर तिकडे होते. परत आले तेव्हा ह्यांनी सांगितलं, असा असा एक मुलगा आला होता, आणि सकाळी… हे जेवले नाहीत दोन दिवस. आता तुम्ही असे समोर बसलात, काय जेवला विचारलंत, आणि मला नाही म्हणवेना. तोंडातून निघून गेलं. माफ करा मला.

राजीव : मग तो काय जेवला?

पद्मजा : कशाला विचारता?

राजीव : मी एवढ्या लांब आलोय, ताई.

पद्मजा : गरम पाणी मागितलं ह्यांच्याकडे. कपातल्या नूडल्स होत्या त्याच्याजवळ. ह्यांनी म्हटलं, मेरी वाइफ होती तो घर का खाना मिलता, महाराष्ट्रियन है. तर हसला म्हणे. मग कप घेऊन बाहेर आला, इथेच, सायकलपाशी उभा राहून खाल्लं. फोनवर बोलत होता.

राजीव : आईशी.

पद्मजा : हो. आणि आत फ्रीजमध्ये माझ्या दशम्या होत्या हो. डबाभर. ह्यांना वाटलं, इतक्या दिवसांच्या शिळ्या, पोराला कशा द्यायच्या? अजून बोलून दाखवतात. आता रोज ताज्या करते मी. कोणी येवो न येवो.

राजीव : नूडल्स खात होता आणि सांगत होता, मराठी काकूंकडे जेवलो.

पद्मजा : आईला बरं वाटावं म्हणून.

राजीव : तिचा पहिला प्रश्न तोच असायचा. हॅलोसुद्धा नाही. जेवलास का? चिडायचा तो. ‘मॉम, आय अॅम ट्वेन्टी नाइन!’ आणि त्या दिवशी तिने विचारायच्या आधी स्वतःच सांगितलं. … तिचाच फोन येतोय. ह्या वेळेला करतेच. मी आता काय सांगू हिला?

पद्मजा : घ्या तो. नाहीतर घाबरतील.

राजीव : मला खोटं बोलता येत नाही, ताई. लगेच ओळखते ती.

पद्मजा : स्पीकरवर टाका. द्या इकडे.

राजीव : हॅलो. हो, रेखा. ठीक आहे मी. अगं… सापडल्या त्या. त्या काकू. समोरच आहेत.

रेखा : अहो, खरंच? द्या ना. द्या त्यांना.

पद्मजा : नमस्कार, रेखाताई. मी पद्मजा.

रेखा : नमस्कार. मी मिहीरची आई. तुम्हाला सकाळी सकाळी त्रास… मला एवढंच विचारायचंय…

पद्मजा : माझ्याकडेच जेवला तो. साधंच होतं हो, वरण-भात, बटाट्याची भाजी. आणि दशम्या.

रेखा : दशम्या? माझी आजी करायची.

पद्मजा : दारातच म्हणाला, काकू, मला शेंगदाणा चालत नाही. मी भांडी पुन्हा घासून घेतली, मग फोडणी टाकली.

रेखा : सांगितलं त्याने? आपणहून?

पद्मजा : आपणहून. आधी तेच सांगितलं.

रेखा : किती ओरडायचे मी त्याला ह्यावरून! चारचौघांत सांगायला लाजायचा. अहो, ऐकलंत का, त्याने आपणहून सांगितलं.

राजीव : ऐकलं.

रेखा : भातावर तूप?

पद्मजा : मागून घेतलं वरून.

रेखा : तेच. तसाच. … ताई, तुम्हाला म्हणून सांगते, ह्यांनाही बोलले नाही कधी. फोनवर आवाज वेगळा येत होता त्याचा, तोंडात काहीतरी गरम असल्यासारखा. मला वाटायचं, हा उपाशी आहे, काहीतरी चघळतोय आणि मला बरं वाटावं म्हणून बोलतोय. दोन वर्षं तेच डोक्यात घेऊन बसलेय.

पद्मजा : छे हो. माझ्यासमोरच तर केला फोन. शेवटची दशमी हातात होती, तसाच उठला. म्हटलं, अरे, जेवण तर संपव. तर म्हणाला, आई वाट बघत असेल. … रेखाताई?

रेखा : आहे. पोटभर जेवला ना हो?

पद्मजा : पोटभर.

रेखा : तुमचे उपकार कसे… अहो, तुम्हीही काहीतरी खाऊन निघा. मी कुकर लावते. वरण-भातच करते. बघू, आज जातो का घशाखाली. ठेवते. ठेवते मी.

पद्मजा : रडा हो, भाऊ. इथे कोण बघतंय.

राजीव : माझ्यासाठी तुम्हाला आत गणपती असताना एवढं खोटं बोलावं लागलं.

पद्मजा : मी कुठे बोलले? सुरुवात त्याने केली होती. लाइन गेली म्हणून अर्धं राहिलं होतं, ते पुरं केलं मी. बरं, हा तुकडा पिकअपने सोडू का तुम्हाला? हे सोडतील, ट्रेसच्या तोंडापर्यंत. सायकल मागे टाकू.

राजीव : नको. तेवढा तरी सायकलवरूनच जायचंय. तो जिथे थांबला तिथे थोडं थांबेन.

पद्मजा : मग हे मागे मागे येतील, दिवे लावून, हळूहळू. नाही म्हणू नका, ते ऐकायचे नाहीत. हा डबा घ्या. दशम्या आहेत आणि लिंबाचं लोणचं. दाणा नाही घातलेला कशात. काल रात्री तुमचं नाव वाचलं, तेव्हाच उठून केल्या.

राजीव : ताई, तो पाना… सीट थोडी खाली केली तर?

पद्मजा : करू ना. थांबा, ह्यांना हाक मारते. पण आधी हात करा पुढे. उजवा.

राजीव : हे काय?

पद्मजा : दही. पुण्याचे म्हणवता आणि विचारता? प्रवासाला निघालेल्या माणसाच्या हातावर देतात. घ्या. सगळं घ्या, चाटून.

राजीव : घेतलं.

पद्मजा : आता परत करा हात पुढे.

राजीव : आत्ताच तर दिलंत.

पद्मजा : ते तुमचं. हे त्या दिवशीचं राहिलंय.