ढिगावरचा लाल फ्रॉक

नाही हो साहेब, वासानं नव्हे — वास येईना म्हणून काल रात्रभर जागी होते मी. बसा ना, खुर्ची पुसलेली आहे. ह्यांना यायला थोडा वेळ लागेल, सहकारी संघाच्या ऑफिसात गेलेत, चेअरमन आप्पासाहेबांनी बोलावलंय — जरा मोठ्यानं बोलते हं, शेजारच्या पिठाच्या गिरणीचं इंजिन चालू असलं की आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. दया, जा बाळा, बाहेर जीपपाशी साहेबांचे ड्रायव्हर काका आहेत ना, त्यांना म्हणावं, चहा होतोय. — लेक माझी. चौथं लागलंय.

तर वास. त्याच्याच तपासणीला आलात तुम्ही, माहीत आहे. कॉलनीतल्या लोकांनी अर्ज केला, आणि खोटं नव्हतं हो त्यांचं. बाजारातला सडका पाला, उसाचं पाचट, बागांची छाटणी, सगळं खत व्हायला ह्या डेपोतच येतं. चर्चमध्ये आमच्या बाकावर दुसरं कुणी बसत नाही. मी तर साबण बदलून पाहिला! मॅट्रिक झालेली बाई, आणि मनात हेच — आपल्याच अंगाला येत असेल का? खरं तर ढीग वेळच्या वेळी खालीवर केला, पाणी मारलं, की दोन दिवस घाण सुटते आणि मग नांगरलेल्या रानासारखा वास येतो. पण यंदा पाणी कुठलं? माणसांनाच टँकर. मजूर सगळे दुष्काळी कामावर, खडी फोडायला. एक गोजरबाई राहिली होती, तीही गेली — म्हणाली, "बाई, ह्ये आतून लई तापलंय, म्या न्हाई चढायची." अं? नाही, नाही, तसं काही नाही. म्हातारी आहे, बोलते काहीबाही.

मग वास गेला कसा? — मातीनं. हातभर माती टाकून वरून लिंपून घेतला ढीग, कणगी लिंपावी तसा. आप्पासाहेबांचाच ह्यांना हुकूम: "मोझेस, साहेब येतील त्या दिवशी वास आला, तर तुझं बिऱ्हाड हलव." हे काय करणार? लिंपला. आणि मला आनंद झाला, खरंच सांगते. थंडीचे दिवस, माती कशी छान उबदार, दयाचे कपडे तिथंच वाळत घालायला लागले मी! काल तिचा पांढरा फ्रॉक उचलला, तर पाठीवर तपकिरी डाग. म्हटलं, इस्त्री जरा जास्तच तापली — आणि मग आठवलं, आपल्याकडे इस्त्रीच नाही. ह्यांनी सळई खुपसून पाहिली. वरची माती लागली तेवढीच, पुढे सळई आपोआप आत गेली, साहेब. आत काही नव्हतंच. आणि बाहेर काढली, ती हातात धरवेना.

हे मी सांगायला नको होतं. चहा निवतोय तुमचा. मला एवढंच सांगितलेलं — साहेबांना चहाला बसवून ठेव, ढिगाकडे जाऊ देऊ नको, मी टँकर मिळतो का बघतो. हो, ऑफिसात नाही गेले ते. लिहा तुम्ही काय लिहायचं ते, बिऱ्हाड हलवू आम्ही, पण तिकडे पाय तेवढा ठेवू नका. तिचा ख्रिसमसचा लाल फ्रॉक अजून तिथंच पडलाय, मी आणायला गेले नाही. दयाला बजावलंय, तू एक पाऊल टाकायचं नाही, काही हवं असलं तर मोठ्या माणसाला सांगायचं. तेवढी तरी अक्कल दाखवली मी, नाही का?

— आलीस? काका कुठायत? अशी काय बघतेस गं? इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही, जवळ ये. मोठ्यानं सांग.

"आई, मी काकांना माझा लाल फ्रॉक आणायला सांगितला. तर काका एकदम बुटके झाले. 'येऊ नको, येऊ नको' म्हणतात मला."