मेटुआ वन्सं आणि भिंतीवरची जास्वंद

आणि वर मलाच म्हणतात, डोळे तरी पूस! का पुसू? तुम्हाला सांगते, दरवर्षी आमच्या बेटावरच्या चर्चच्या हॉलमध्ये आमचं शिवण मंडळ गेलेल्या बायकांची आठवण काढतं. त्यांच्या तिवाइवाइ भिंतीवर लावतात... पलंगभर मोठ्या, पांढऱ्या कापडावर रंगीत फुलं शिवलेल्या चादरी... आणि मग एकेकीचं नाव घेऊन हे हुंदके! जिवंतपणी जिच्या हातात सुई द्यायला आम्ही घाबरायचो, तीसुद्धा त्या दिवशी थोर कलावंत! मेल्यावर बाईचा टाका काय सुधारतो हो!

आता आमच्या मेटुआ वन्संच घ्या. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, गेल्या वर्षी गेल्या. देव त्यांना सुखात ठेवो, पण टाका? अहो, खेकडा चालावा तसा! मंडळात आम्ही सगळ्या एकाच कापडाभोवती बसायचो. वन्सं टारोचे उकडलेले कंद वाढून घ्यायला उठल्या की मी गपचूप त्यांची पाकळी उसवायची आणि नव्याने शिवून ठेवायची. परत येऊन त्याच पाकळीवर हात फिरवत म्हणायच्या, "बघ तुंगाने, माझा हात कसा बसलाय!" आणि बाकीच्या? "वा, मेटुआबाई, वा!" हो, जळायची मी! अजून जळते! लाज कसली त्यात?

तर यंदा त्यांची पहिली आठवण. पण भिंतीवर लावायचं काय? आमच्याकडे बाईच्या तिवाइवाइ बाईबरोबरच जातात. वन्संच्या सगळ्या त्यांना गुंडाळून अंगणातल्या कबरीत गेल्या. मग त्यांची सून वाइनेरे, तिने घरात उरलेली एकुलती एक आणली आणि लावली मधोमध. लाल जास्वंदीची. मी मान वर केली आणि... अहो, माझी! त्यांच्या नातवाचे पहिल्यांदा केस कापले ना, त्या समारंभाला मीच दिलेली!

पाळकसाहेब उभे राहिले. "बंधुभगिनींनो, या पाकळ्या बघा! कुठे टाका दिसतोय?" सगळा हॉल म्हणतो, "नाही दिसत!" कसा दिसेल? डोळ्यांची वाट लावून घेतलीय मी त्यापायी! आणि मंडळाची अध्यक्ष नूरोआ, गळा काढून म्हणते, "असा हात आता या बेटावर कुणाचा राहिला नाही गं!" मी तिच्या शेजारी बसलेय! दोन्ही हात मांडीवर घेऊन बसलेय! सांगा ना, मेल्यावर बाईचा टाका काय सुधारतो... तोही माझ्या हाताने!

बरं, बोलू कसं? एकदा दिलेलं आपलं म्हणून मिरवायचं म्हणजे चारचौघांत नाक कापून घ्यायचं. तरी राहवेना. उठले अर्धी. नूरोआने झगा धरून खाली ओढलं.

"काय झालं?"

"अगं, ती माझी आहे!"

"तुझी? अगं बाई! मग उतरवावी लागेल. या भिंतीवर फक्त गेलेल्यांचं लागतं. उतरवू?"

आता काय करणार? माझी जास्वंद जन्मात पहिल्यांदा हॉलच्या मधोमध लागलेली, लोक माना वर करकरून बघतायत... "राहू दे," म्हटलं. आणि पुढचं भजन असं तार स्वरात म्हटलं की पाळकसाहेब दचकले.

जेवताना वाइनेरे ताट घेऊन जवळ आली. म्हणाली, "मामी, रागावू नका. ती तुमची आहे, मला ठाऊक आहे. सासूबाईंनी जाण्याआधी बजावलं होतं, 'माझ्या सगळ्या माझ्याबरोबर घाला, पण तुंगानेची ती ठेवा. तसं काम मला आयुष्यभर जमलं नाही. ते मातीत घालवू नका.'"

शपथ सांगते, हातातला घास परत ताटात ठेवला. या एका वाक्यासाठी जन्मभर त्या बाईशेजारी बसले मी! आणि बोलली कधी, तर मला उलट काही बोलता येणार नाही तेव्हा! तरी म्हटलं, चला, खुद्द मेटुआ वन्संनीच मान्य केलंय, आता गावाला कळू दे. काल नूरोआच्या घरी जाऊन शब्द न् शब्द सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतलं, डोळे टिपले, आणि म्हणाली,

"बघितलंस? केवढ्या मोठ्या मनाच्या होत्या गं मेटुआबाई!"