चटणीचा डब्बा

आर्वीच्या स्टँडवर माधवीनं कानातली वायर काढून ठेवली, कारण शेजारी देवकाबाई आणि जिजाबाई यांची नुकतीच ओळख होऊन गप्पा रंगात आल्या होत्या.

"माहा ऋतिक मिल्ट्रीत हाय, जिजाबाई. शांतिसेनेत आफ्रिकेत गेलता. या महिन्यात येनार होता, त सहा महिने वाढोले."

"काऊन जी?"

"तिकडची लढाई वाढली म्हणे. आनखी जवान धाडून राह्यले."

"त्याच जवानायत माहा अश्विन हाय. गुरुवारी निघते."

"अवं माय! भेव नाई वाटत?"

"वाटते ना. तुमाले?"

"मलेबी वाटते. पन तो हासत म्हणते, आई, इथं सारं हाय, जेवनाले चव तेवढी नाई. म्हणून जवसाची चटणी केली. पार्सल कराले वर्ध्याले चालली."

"पार्सल कायले? अश्विन नेईन ना!"

"खरंच? मंग अर्धी त्याची."

रोहण्याची गाडी लागली. जिजाबाई डब्बा पोटाशी धरून चढल्या. देवकाबाई खिडकीखाली आल्या.

"डब्बा माह्या लग्नातला हाय, नाव कोरलेला. परत पाहिजे बरं!"

"देईन जी. रिकामा नाई देत कोनाचा डब्बा."

"रिकामा चालते. दोघाईनं घरी आनून द्या म्हना."