वहीतली एक्केचाळीस गप घरं

जबाब दि. १०/११/२०२५

नाव अपेक्षा पुंजाराम दाभाडे, वय १८ वर्षे, शिक्षण नववी, धंदा नेटच्या दुकानात काम (कालपासून बंद), रा. गल्ली नं. ३, बोधिवृक्ष कॉलनी, चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर.

आज आईला सोबत घेऊन मी ठाण्यात आले आणि महिला हवालदार मॅडमनी विचारलं तसं सांगते की, वरच्या पत्त्यावर मी आई आशाबाई आणि वडील पुंजाराम यांच्याजवळ राहते. वडील कंपनीत पॅकिंगला आहेत. माझी शाळा नववीनंतर सुटली. का सुटली ते मॅडमनी विचारलं, पण ते या प्रकरणात लागत नाय म्हणून लिहिलेलं नाय.

जूनपासून मी आमच्या कॉलनीतले अभय काकडे यांच्या नेटच्या दुकानात कामाला होते. ते मोठ्या कंपनीकडून दोन लाइनी घेतात आणि कॉलनीत पंचावन्न घरांना वायर टाकून नेट देतात. मी त्यांना अभयदादा म्हणते. दुपारी घरात बायाच असतात, परक्या माणसाला आत घेत नाय, म्हणून तक्रार आली की मला पाठवायचे. काम त्यांनीच शिकवलं. राउटर कसा बघायचा, वायर कशी बघायची, मोबाइलवर स्पीड कसा मोजायचा. पहिल्याच दिवशी म्हणले, "तू बोलत नाय ते लई बरंय. लोक तुझ्यापुढं सगळं बोलतील."

सप्टेंबरमध्ये तक्रारी वाढल्या. नेट सरकतच नाय म्हणायचे. मी दुपारी जाऊन मोजलं की शंभरच्या प्लॅनला पंच्याण्णव दाखवायचं. गल्ली नं. १ मधल्या सुरेखाकाकू म्हणल्या, "तू आली की नीट चालतं गं ते. तुलाच ठिवून घेते घरात." मग मी आईला सोबत घेऊन रात्री आठला त्यांच्याकडं गेले. तेव्हा सहा दाखवलं. राउटर बदलला, तेवढंच. वायफाय सोडून वायर सरळ लॅपटॉपला लावली, तेवढंच. घरातले बाकीचे मोबाइल बंद करायला लावले, तेवढंच. शेजारच्या घरात पण त्या टायमाला तेवढंच. सकाळी सहाला मोजलं तर परत पंच्याण्णव.

असं दहा दिवस घरोघर मोजून मी वहीत लिहिलं. त्यावरून कळलं की राउटर खराब नाय, वायर पण खराब नाय. संध्याकाळी सात ते अकरा सगळी कॉलनी एकदम नेटवर येते आणि दोन लाइनी पुरत नाय. मॅडम म्हणल्या, नीट समजून सांग. आमच्याकडं नळाला आठ-नऊ दिवसांनी पाणी येतं. तेव्हा सगळ्यांच्या मोटारी एकदमच चालू होतात आणि शेवटच्या घराला करंगळीएवढी धार येते. पाइप फुटलेला नसतो. तसं आहे ते.

दि. ५/१०/२०२५ रोजी मी वही अभयदादांना दाखवली. ते म्हणले, "अगं, तू तर इंजिनिअर निघाली!" हे मी घरी जाऊन आईला सांगितलं होतं. मग ते म्हणले की तिसरी लाइन घेतो, पण एकदम सगळ्यांना पुरणार नाय, म्हणून यादी कर. कोणतं घर ओरडतं आणि कोणतं गप राहतं, नावापुढं लिही. मी विचारलं, कशाला. ते म्हणले, "जे बिचारे बोलत नाय त्यांचं आधी करू. बोलणारे घेतातच ओरडून." हे त्यांचेच शब्द आहेत.

मला ते बरोबर वाटलं.

चौदा घरांपुढं मी 'ओरडतात' लिहिलं, एक्केचाळीस घरांपुढं 'गप'. शेजारच्या मेघाताईपुढं पण गप लिहिलं. मेघा कडूबा साळवे, वय २३. तिनं कधीच तक्रार केली नव्हती. मी विचारलं तेव्हा म्हणली होती, "चालतंय गं, तू नको टेन्शन घेऊ." सतरा नंबरचा फॉर्म भरून मी बाहेरून दहावीला बसणार आहे. तो फॉर्म तिनंच भरला आणि गणित पण तीच शिकवते. शिकवत होती.

दि. २०/१० रोजी मी ती वही अभयदादांना दिली. चार-पाच दिवसांत दुकानातला फोन वाजायचा थांबला. ते म्हणले, "बघ, तुझ्या वहीनं काम झालं." तक्रारच नाय म्हणल्यावर मला कुणाकडं पाठवलं नाय. मी पण मोजायला गेले नाय. तिसरी लाइन आली असं मी समजले आणि दोन-तीन घरी तसं सांगितलं.

दि. ७/११ शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला मेघाताईची पुण्याच्या कंपनीची मुलाखत व्हिडिओवर होती. आधीच्या दोन फेऱ्यांत ती पास झाली होती. त्या दिवशी ती सिडकोला मावशीकडं जाऊन बसणार होती. मी तिला म्हणले, "ताई, आता तिसरी लाइन हाय. घरीच दे." तिनं रिक्षा परत पाठवली. गल्लीतल्या लेकरांनी गोंधळ करू नये म्हणून मी त्यांच्या पायरीवर बसले होते. सात वाजून बेचाळीस मिनिटांनी आतून तिचा आवाज आला, "सर, ऐकू येतंय का? सर?" असं पाच-सहा वेळा. मी आत जाऊन माझ्या मोबाइलवर मोजलं. एक पॉइंट आठ होतं. शनिवारी सकाळी कंपनीचा मेल आला की जागा भरली.

त्याच दिवशी मी दुकानातून चावी घेऊन पाण्याच्या टाकीजवळचा डबा उघडला. कॉलनीतल्या सगळ्या वायरी तिथं येतात. डाव्या बाजूला एक लाइन, उजव्या बाजूला दुसरी. तिसरी लाइन नव्हतीच. आधी दोन्ही बाजूंना सारखी घरं होती, सत्तावीस आणि अठ्ठावीस. आता डावीकडं चौदा आणि उजवीकडं एक्केचाळीस. घर नंबरच्या चिठ्ठ्या वहीशी लावून बघायची गरज पडली नाय, मला पाठ होत्या. संध्याकाळी मी सुरेखाकाकूंकडं मोजलं. त्या ओरडणाऱ्यांत आहेत. एक्याण्णव आलं.

मी दुकानात जाऊन विचारलं, "दादा, गपवाले सगळे एकाच लाइनवर कसे?"

ते म्हणले, "अगं, जे बोंबलत नाय त्यांना कशाला पाहिजे लाइन? दोन गाणे बघतेत आन झोपतेत."

मी म्हणले, "मेघाताईची मुलाखत गेली."

"मंग आधी ओरडायचं ना. मी काय देव हाय का? तिच्यापुढं गप कुणी लिहिलं, मी का तू?"

मी घरी आले.

दि. ९/११ रविवारी सकाळी अकराच्या सुमारास तीस-पस्तीस माणसं दुकानासमोर जमा झाली. मेघाताई आणि तिचे वडील पुढं होते. अभयदादांनी गल्ल्याखालून माझी वही काढली आणि वर धरून म्हणले, "अक्षर बघा. माझं हाय का? ही पोरगी घरात येऊन तुमची यादी करीत व्हती. वायरी बी हिनंच हलवल्या, चावी हिच्याकडंच असते." वही हातोहात फिरली. ज्यानं त्यानं आपलं नाव बघितलं. सुरेखाकाकू म्हणल्या, "आन हिला मी लेकीसारखं घरात घेतलं." एक जण म्हणला, "आम्ही गप व्हय? थांब, दाखवतो गप." मेघाताईनं वही वाचून माझ्या हातात दिली.

मॅडमनी विचारलं की, त्या वेळी सगळ्यांसमोर खरं का नाही सांगितलं. आई म्हणली, "मॅडम, ती लहानपणापासून तशीच हाय." मी सांगते की, मला बोलता आलं नाय. तोंड उघडलं होतं.

वायरी मी हलवल्या का, असं विचारल्यावरून सांगते की, नाय. मला तार लावायला शिकवलेलं नाय, अभयदादा डब्यात हात घालू देत नाय. चावी दुकानात खिळ्याला असते, कुणीही घेऊ शकतं. वही मी आज हजर केली आहे. त्यातलं अक्षर, स्पीडचे आकडे आणि 'ओरडतात', 'गप' हे सगळं माझं आहे. ते मी नाकारत नाय. प्रत्येक 'गप'पुढं लाल पेनाची खूण आहे, ती माझी नाय. वही देताना त्यात एकही लाल खूण नव्हती.

अभय काकडे यांच्याविरुद्ध माझी तक्रार आहे का, असं मॅडमनी दोनदा विचारलं. आहे.

आम्ही ठाण्यात आलो तेव्हा मेघाताई पण जबाब द्यायला बाहेरच्या बाकावर बसलेली होती. आईनं तिला हाक मारली. ती आईशीच बोलली.

हा जबाब मॅडमनी मला वाचून दाखवला आणि नंतर मी स्वतः पण वाचला. त्यात 'सदर वही अभय काकडे यांनी माझ्याकडून काढून घेतली' असं आलं होतं. ते मी खोडायला लावलं. काढून घेतली नाय. मी दिली, माझ्या हातानं. बाकी सगळं मी सांगितलं तसंच उतरलं आहे, म्हणून खाली सही करते.

सही
अपेक्षा पुंजाराम दाभाडे